जपलेलं परत मिळायला हवं

(पोफळी येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. एक, पंधरा मिनिटांच्या वर बोलायचं नाही. दुसरी, तू नेमकं काय काम करतेस ते सगळ्यांना कळेल असं सांगायचं. पहिली अट मी पाळीन. दुसरी अवघड आहे, कारण माझ्या आईलाही मी इतक्या वर्षांत हे धड समजावू शकलेले नाही. ती शेजारणींना ‘कम्प्युटरमध्ये असते’ एवढंच सांगते आणि विषय बदलते.

तर मी पुण्यात सर्च डेटाबेसवर काम करते. त्यातही माझ्याकडे मुख्यतः बॅकअपचं, म्हणजे माहितीची राखीव प्रत ठेवण्याचं आणि वेळ आली की तिच्यावरून सगळं पुन्हा उभं करण्याचं काम आहे. आज इथे हा विषय काढायला एक कारण आहे. आपल्या समितीने जुने फोटो, वर्गांची हस्तलिखितं, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, सरांच्या आणि बाईंच्या आठवणींची रेकॉर्डिंग असं सगळं गोळा करून संगणकावर ठेवायचं ठरवलं आहे. कुणाचं नाव, एखादं साल, ‘कुंभार्ली घाट’ असा एखादा शब्द टाइप केला की त्यासंबंधीचं सगळं समोर यावं, अशी योजना आहे. योजना मला फार आवडली. पण माझ्या धंद्याच्या सवयीने पहिला प्रश्न मनात आला तो असा: हे सगळं एखाद्या दिवशी गेलं, तर परत कसं आणायचं?

हा प्रश्न आपल्या बाबतीत जरा जास्तच खरा आहे. आपल्यातले बरेचजण मूळचे पोफळीचे नाहीत. डोंगराच्या पोटातलं पॉवरहाऊस १९६२ साली सुरू झालं आणि त्याच्यामुळे कुठून कुठून माणसं इथे आली. वडील बोर्डात, म्हणून आपण कॉलनीत. बदली झाली की ट्रक यायचा आणि सामान जायचं. क्वार्टरची किल्ली परत दिली की इथे आपलं घर नाही, जमीन नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. उरले ते फोटो आणि एकमेकांच्या आठवणी. ज्यांच्या वडिलांनी निवृत्तीनंतर चिपळुणात घर केलं, त्यांच्यातल्या काहींचे फोटोही २२ जुलै २०२१ च्या पुरात गेले. भांडी धुऊन घेता आली, भिंती पुन्हा रंगवता आल्या. अल्बम मात्र चिखलात चिकटून गेले ते गेलेच.

त्याच पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं. हे वाचनालय १८६४ पासूनचं. २०१३ साली चिपळूणला ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचं यजमानपद याच संस्थेकडे होतं. जुलै २००५ च्या पुरात तिथली पुस्तकं भिजली होती, २०२१ ला पुन्हा भिजली. छापील पुस्तकाची दुसरी प्रत निदान कुठेतरी शोधता येते. आपल्या सहावीच्या सहलीच्या फोटोची दुसरी प्रत कुठे शोधणार?

आता माझ्या कामाकडे येते. सर्च डेटाबेस म्हणजे काय, ते पाठ्यपुस्तकावरून सांगते. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. ‘कोळकेवाडी’ शब्द हवा असेल तर आपण पूर्ण पुस्तक चाळत नाही. सूचीत पाहतो, पान ४५ आणि ११२. सर्च डेटाबेस नेमकं हेच करतो. प्रत्येक शब्दासमोर तो कुठल्या नोंदीत आला आहे त्याची यादी ठेवतो. म्हणून लाखो नोंदींतूनही उत्तर क्षणात येतं.

या कामासाठी सर्वाधिक वापरला जाणारा पाया म्हणजे ल्यूसीन. डग कटिंग नावाच्या अमेरिकन माणसाने १९९९ च्या सुमारास तो लिहिला आणि नाव दिलं ते आपल्या बायकोचं मधलं नाव. त्याच पायावर पुढे २०१० साली शाय बॅनन यांनी इलॅस्टिकसर्च आणलं. बायको लंडनमध्ये स्वयंपाकाचं शिक्षण घेत होती, तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्यांनी या वाटेवरचा पहिला प्रयत्न केला होता. म्हणजे आमच्या या क्षेत्रावर दोन बायकांचे उपकार आहेत, हे इथल्या पुरुष मंडळींनी लक्षात ठेवावं.

या सूचीचा मुख्य गुण कळायचा असेल तर शाळेच्या कार्यालयातलं जनरल रजिस्टर आठवा. त्यात आपल्या सगळ्यांची नावं आहेत. त्या रजिस्टरमध्ये एकदा नोंद झाली की खाडाखोड नाही. मुलाने शाळा सोडली तर त्याची ओळ कुणी पुसत नाही. पुढच्या रकान्यात शाळा सोडल्याची तारीख आणि कारण लिहितात. एक रजिस्टर भरलं की ते बंद होतं आणि कपाटात जातं. नवी नावं नव्या रजिस्टरमध्ये.

ल्यूसीनचं असंच आहे. नव्या नोंदी येतात, त्यांचं एक छोटं रजिस्टर तयार होतं आणि बंद होतं. त्याला सेगमेंट म्हणतात. बंद झालेल्या सेगमेंटमध्ये पुन्हा एक अक्षरही बदलत नाही. एखादी नोंद काढून टाकली तर ती आतून खोडत नाहीत. ‘ही रद्द समजावी’ अशी खूण वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. नोंद दुरुस्त केली तर जुनी रद्द आणि नवी नव्या सेगमेंटमध्ये. छोटी सेगमेंट फार झाली की शोधायला वेळ लागतो, म्हणून अधूनमधून दोनचार मिळून एक मोठं सेगमेंट लिहिलं जातं. तेव्हा रद्द नोंदी कायमच्या गळतात आणि जुनी सेगमेंट निघून जातात.

एवढं ध्यानात आलं की बॅकअपची युक्ती सोपी आहे. जे बदलतच नाही, ते पुन्हा पुन्हा कशाला उतरवून घ्यायचं? एकदा घेतलं की झालं. पुढच्या वेळी फक्त नवीन काय आलं ते घ्यायचं. अशा वाढीव बॅकअपला आमच्याकडे स्नॅपशॉट म्हणतात आणि तो जिथे ठेवायचा त्या जागेला रिपॉझिटरी. आपण कोठी म्हणू.

फळ्यावर लिहिल्यासारखं सांगते. सोमवारी डेटाबेसमध्ये तीन सेगमेंट आहेत, क, ख, ग. सोमवारचा पहिलाच स्नॅपशॉट, म्हणून तिन्ही कोठीत जातात आणि एक यादी लिहिली जाते: ‘सोमवार – क, ख, ग’. मंगळवारी काही नवे फोटो आले, घ तयार झालं. स्नॅपशॉट आधी कोठीत पाहतो. क, ख, ग आहेतच, मग घ एवढंच उचलतो आणि यादी लिहितो: ‘मंगळवार – क, ख, ग, घ’. बुधवारी डेटाबेसने ख आणि ग मिळून च तयार केलं. आता फक्त च कोठीत जातं. यादी होते: ‘बुधवार – क, घ, च’.

दोन गोष्टी पाहा. नवा फोटो बुधवारी एकही आला नव्हता, तरी च उचलावं लागलं. म्हणून वाढीव बॅकअप कधी चिमुकला असतो, तर कधी अचानक मोठा होतो. त्यात बिघाड काही नाही, मागे सेगमेंट एकत्र झालेली असतात. आणि दुसरं, प्रत्येक दिवसाची यादी पूर्ण आहे. जुन्या टेपच्या पद्धतीत रविवारी पूर्ण प्रत आणि मग रोजचा फरक असायचा. शनिवारचं हवं असेल तर रविवारपासूनच्या सगळ्या टेपा ओळीने लावाव्या लागत, आणि मधली बुधवारची खराब निघाली की पुढचं सगळं अडायचं. इथे तशी साखळी नाही. बुधवार हवा, तर बुधवारची यादी काढा, त्यातली तीन सेगमेंट आणा, झालं.

आता सोमवारचा स्नॅपशॉट जुना झाला म्हणून काढून टाकला, तर कोठीतून काय जाईल? काहीच जाणार नाही, कारण क, ख, ग तिन्ही मंगळवारच्या यादीत आहेत. मग मंगळवारचाही काढला तर? ख आणि ग जातील, कारण बुधवारला ती नकोत. क आणि घ राहतील. हा हिशेब यंत्र स्वतः ठेवतं. म्हणून आमच्याकडचा पहिला कडक नियम: कोठीत हात घालून स्वतः फाइल काढायची नाही. जागा कमी पडते म्हणून कुणी जुन्या तारखेची फाइल पुसली, तर ती आजच्या यादीतलीही असू शकते.

इथेच एक मोठा गैरसमज होतो. कोठीत तीस दिवसांचे तीस स्नॅपशॉट दिसतात आणि माणूस समजतो की आपल्याकडे तीस प्रती आहेत. तशा त्या नाहीत. याद्या तीस आहेत, पण क हे सेगमेंट कोठीत एकदाच आहे. ती एक फाइल डिस्कवर खराब झाली की तिसाच्या तिसांना धक्का. तीस स्नॅपशॉट तुम्हाला तीस दिवस मागे जाऊ देतात; कोठीच गेली तर त्यांचा उपयोग नाही. त्यासाठी दुसरी कोठी हवी, आणि ती दुसऱ्या गावात हवी.

हे मी पुस्तकी सांगत नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरच्या इमारतीला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. काही ग्राहकांचा मूळ डेटा त्या आवारात होता आणि बॅकअपही तिथेच. दोन्ही गेले. त्यानंतर साडेचार महिन्यांनी चिपळूणला पूर आला. तिथेही ज्यांनी कागद खालच्या कपाटातून काढून वरच्या कप्प्यात ठेवले होते, त्यांना पाणी किती चढेल याचा अंदाज नव्हता. घर तेच असेल तर कप्पा बदलून फार फरक पडत नाही.

दुसरा गैरसमज रेप्लिकाचा. मोठ्या डेटाबेसमध्ये प्रत्येक भागाची जुळी प्रत दुसऱ्या सर्व्हरवर चालू असते. एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा काम उचलतो. लोक म्हणतात, मग बॅकअप कशाला? कारण जुळी प्रत आज्ञाधारक असते. तुम्ही चुकून पूर्ण संग्रह पुसलात, तर तीही त्याच क्षणी पुसून मोकळी होते. यंत्र बिघडलं तर ती वाचवते, माणूस चुकला तर वाचवत नाही.

तिसरा गैरसमज म्हणजे डेटाबेसचा फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकला की झाला बॅकअप. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली सारख्या तयार होत असतात आणि जात असतात. तुम्ही पहिली फाइल उतरवून घेता आणि शेवटची घेईपर्यंत मधल्या बदललेल्या असतात. हाती येतं ते अर्धं सकाळचं आणि अर्धं दुपारचं. फोल्डर दिसायला भरलेला दिसतो, उघडत मात्र नाही. स्नॅपशॉट एका क्षणाची स्थिती धरतो आणि ती पूर्ण उतरेपर्यंत त्या सेगमेंटना हलू देत नाही.

आता खऱ्या परीक्षेचा भाग, परत आणणं. आम्ही त्याला रिस्टोर म्हणतो. यंत्र हवी ती यादी वाचतं, कोठीतून सेगमेंट आणतं आणि संग्रह पुन्हा उभा करतं. चालू असलेल्या संग्रहावर ते त्याच नावाने जुना संग्रह ओतू देत नाही. आधीचा बंद करा किंवा काढा, नाहीतर परत आणलेल्याला दुसरं नाव द्या. मी नेहमी दुसरं नाव देते. शेजारी उभा करायचा, नोंदी मोजायच्या, दहा शब्द शोधून पाहायचे आणि मगच जुन्याच्या जागी आणायचा. घाईच्या वेळी हा धीर धरणं कठीण जातं, पण ज्याच्यातून काही वाचवता आलं असतं ते आपल्याच हाताने पुसलं जायचं टळतं.

रिस्टोरला वेळही लागतो. बॅकअप रोज थोडा थोडा घेतलेला असतो, परत मात्र सगळा एकदम आणावा लागतो. आणि शेवटच्या स्नॅपशॉटनंतर आलेलं त्यात नसतं. रात्री दोनला स्नॅपशॉट झाला आणि दुपारी चारला बिघाड झाला, तर मधल्या चौदा तासांच्या नोंदी मूळ कागदांवरून पुन्हा भराव्या लागतात. म्हणून मूळ कागद जपायचे असतात. आणखी एक अडचण आवृत्तीची. नव्या आवृत्तीवर घेतलेला स्नॅपशॉट जुनीवर चालत नाही, आणि फार जुना स्नॅपशॉट नव्या आवृत्तीला वाचता येत नाही. पंचवीस वर्षांनी तो कुणी उघडायला गेलं तर कुलूप असेल आणि किल्लीचा कारखाना बंद झालेला असेल.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब नावाच्या नामांकित कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. त्यातली एकही भरवशाची निघाली नाही, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सुदैवाने हाताशी होती, तिच्यावरून त्यांनी सगळं उभं केलं. सहा तासांचं काम गेलं. बॅकअपच्या व्यवस्था कागदावर होत्या, पण त्यांतून खरंच परत येतं का, हे नियमाने करून पाहिलेलं नव्हतं.

हा धडा पोफळीच्या मुलांना नवा वाटू नये. ग्रिड पूर्ण बसली, सगळीकडे अंधार झाला, तर वीज परत आणायची कुठून? औष्णिक केंद्राला स्वतः सुरू व्हायलाच पंप, पंखे, कोळशाच्या गिरण्या चालवायला बाहेरून वीज लागते. जलविद्युत केंद्राचं तसं नाही. वर पाणी आहे, थोडी वीज जनरेटरची असली की दार उघडतं आणि चक्र फिरतं. म्हणून अंधारातून ग्रिड उभी करण्याची सुरुवात जलविद्युत केंद्रांवरून करतात. त्याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. आणि हे फक्त पुस्तकात लिहून ठेवत नाहीत. ठराविक मुदतीने त्याची रंगीत तालीम करावी असा ग्रिडचा नियम आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील अशा शिस्तीत नोकरी करत होते. दर तासाला रीडिंग लॉगशीटवर, पाळी संपली की पुढच्याला समजावून सही. मशीन चालेल असं गृहीत धरायचं नाही, चालवून पाहायचं, हे आपण घरातच ऐकलेलं आहे.

आता आपल्या संग्रहाकडे वळते आणि समितीपुढे चार विनंत्या ठेवते.

पहिली, शोधयंत्र हे सूची आहे, पुस्तक नव्हे. म्हणून मूळ स्कॅन साध्या फोटोच्या स्वरूपात आणि त्यांची माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेगळी ठेवू. कुणाचा, कुठल्या साली, फोटोत डावीकडून कोण, एवढं लिहिलं तरी पुरे. डेटाबेसचं काहीही झालं तरी त्यावरून सूची नव्याने बांधता येईल.

दुसरी, कोठ्या दोन असू द्या. एक इथे, दुसरी वाशिष्ठीच्या खोऱ्याबाहेर. शिवाय एक हार्ड डिस्क अशी, की जी प्रत घेऊन झाल्यावर संगणकापासून काढून ठेवलेली असेल. जोडलेली नसेल तर तिच्यापर्यंत कुणाची चूक पोहोचणार नाही, आणि व्हायरसही नाही.

तिसरी, पासवर्ड एकाच माणसाकडे नको. निदान दोघांकडे हवा, आणि तेही वेगवेगळ्या बॅचमधल्या. कुलपात नीट ठेवलेल्या आणि किल्ली हरवलेल्या संग्रहाला हरवलेला संग्रहच म्हणायचं.

चौथी सर्वांत महत्त्वाची. वर्षातून एकदा रिस्टोरची तालीम करू. ज्याने संग्रह बांधला त्याने ती करायची नाही. दुसऱ्याने, रिकाम्या संगणकावर, लिहून ठेवलेल्या सूचना वाचून करायची. सूचना अपुऱ्या असतील तर तो अडेल आणि आपल्याला कळेल. किती वेळ लागला, किती फोटो परत आले, काय आलं नाही, ते वार्षिक अहवालात हिशेबाच्या शेजारी छापायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जपून ठेवलंय असं आपण सहज म्हणतो. पण परत आणून पाहिल्याशिवाय ते जपलं गेलंय की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. बॅकअप ठेवताना कुणी टाळ्या वाजवत नाही आणि त्यात काही गंमतही नसते. त्याची किंमत एका वाईट दिवशी कळते, आणि तेव्हा शिकायला वेळ नसतो.

इथे बसलेल्या सरांना आणि बाईंना एक विनंती. तुमच्या घरी आमचे जे फोटो असतील, त्यांच्या मागे पेन्सिलने नावं लिहून ठेवा. तुम्हाला आजही आमची नावं, आडनावं, कोणाचा भाऊ कोणत्या वर्गात होता, सगळं पाठ आहे. ते कुठल्याही स्नॅपशॉटमध्ये येत नाही, ते तुम्हालाच लिहून किंवा सांगून ठेवावं लागेल. रेकॉर्डिंगला आमच्यातलं कुणीतरी तुमच्या घरी येईल. चहा झाला तरी बोलणं थांबवू नका.

आणि वर्गमित्रांनो, घरी जाऊन ट्रंका उघडा. पुढच्या मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत अर्धा तास राखून ठेवायला मी संयोजकांना सांगितलं आहे. या व्यासपीठावर एक रिकामा संगणक ठेवू, हार्ड डिस्क जोडू आणि सगळ्यांसमोर संग्रह उभा करू. मग बाईंनी कुणाचंही एक नाव सांगायचं. ते नाव पडद्यावर आलं तर आपलं काम झालं. नाही आलं, तर कुठे अडलं ते शोधायला आपल्याकडे पुढचं वर्ष असेल.

पंधरा मिनिटं झाली आहेत, संयोजक घड्याळ दाखवत आहेत.